नागपट्टणमच्या समुद्रावर आत्यानं अप्पांच्या थोबाडीत मारली

हो, धाकट्या बहिणीनं थोरल्या भावाच्या. भटजींसमोर.

मी सांगतेय, नात टाइप करतेय. आज आत्याची तिथी आहे.

इंग्रजांचं राज्य होतं, महायुद्ध चालू होतं. मी आठ वर्षांची. आई बाळंतपणात गेली. बाळही गेलं.

अप्पा घरात कुणाशी बोलेनात. अस्थींचं मडकं मांडीवर घेऊन ते तंजावूरहून रेल्वेत बसले. मला सांभाळायला आत्या सोबत आली.

आत्या बालविधवा. लाल आलवण, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. अप्पांना 'अण्णा' म्हणायची, पण त्यांच्यापुढे कधी मान वर करून बोलली नाही.

समुद्रावर पोचलो तर होड्या बंद.

"गोऱ्या साहेबाची ऑर्डर आहे," कोळी म्हणाला. "जपानी येतील म्हणून."

"मग मीच आत जातो," अप्पा म्हणाले.

कमरेइतक्या पाण्यात पोचले. भटजी ओरडले, "पुरे! तिथेच सोडा!"

अप्पांनी सोडलं नाही.

चालतच राहिले.

छातीपर्यंत पाणी. मग गळ्यापर्यंत.

"पोगादींग सामी!" कोळी ओरडत होता. जाऊ नका, जाऊ नका.

एक लाट आली आणि अप्पांचं डोकं दिसेना.

मी उठून पाण्याकडे निघाले.

आत्यानं मला वाळूत दाबून बसवलं. "उठलीस तर बघ!" आणि धावली. आलवणासकट. लहानपणी ती वेण्णार नदीत पोहायची, हे मला नंतर कळलं.

तिनं अप्पांना शेंडी धरून ओढत आणलं. डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे. तिचं केशवपन केलेलं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं.

अप्पांनी मडकं छातीशी घट्ट धरलेलं. तसंच.

तेव्हा तिनं मारली.

"ती गेली, अण्णा! ही आहे!" माझ्याकडे बोट. "हिचं कोण करणार? सोड ते!"

जन्मात पहिल्यांदा तिनं त्यांना 'अरे-तुरे' केलं.

अप्पा ओल्या वाळूत बसून लहान मुलासारखे रडले. मग आत्यानं आम्हा दोघांना गुडघाभर पाण्यात नेलं. अप्पांचं एकेक बोट सोडवलं. मडकं कलतं केलं.

पांढरे तुकडे माझ्या पायांशी घोळले. मी दचकून मागे सरले.

"भिऊ नको," आत्या म्हणाली. "आईच आहे."

भटजी म्हणाले, विधवेचा हात लागला, विधी पुन्हा करावा लागेल.

अप्पा म्हणाले, "अस्थी पोचल्या. आम्ही घरी जातो."

मोठी झाल्यावर मी एकदा विचारलं, "अप्पा, मुद्दाम गेला होतात का?"

ते म्हणाले, "माहीत नाही गं. सोडवेना."

आणखी एक सांगायचंय. महिन्यानं न्हावी आत्यासाठी आला, तेव्हा अप्पा दारात उभे राहिले. "आता येत जाऊ नकोस."

गल्लीत किती बोलणी झाली! दोन घरांनी आमच्याकडचं पाणी बंद केलं.

आत्याचे केस वाढले. कुरळे होते. आमच्यात कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. तिच्याही नाही.

आरशात बघून ती घाबरलीच होती.

आत्या, तुला नमस्कार. तुझ्यामुळे मला वडील उरले.