साहेबांचं भरघोस पीक

"सतरा नंबर बाद," लॅपटॉपवरून मान न उचलता साहेब म्हणाले.

"सर, कापणीला आठवडा आहे. निदान वजन तरी करू."

"एआयने सांगितलंय ना? मग वजन कशाला?"

मी भात पैदासकार. म्हणजे दोन भातांचा संकर करायचा, वर्षानुवर्षं निवड करत राहायचं आणि नवा वाण काढायचा. कर्जतच्या आमच्या केंद्रात सतरा नंबरवर मी आठ वर्षं घासली होती. निवृत्तीला दोनच उरली होती. हा गेला की दुसरा काढायला वेळ नव्हता. खरं सांगतो, मला रडू यायचंच बाकी होतं.

एआय आणलं श्रेया मॅडमनी. त्या पुण्याच्या, डेटा सायंटिस्ट. त्यांनी त्याला मागच्या तीन हंगामांचे ड्रोनचे फोटो दाखवले आणि कुठल्या प्लॉटला किती धान्य भरलं तेही सांगितलं. त्यावरून फोटो बघून उत्पन्न ओळखायला ते शिकलं. यंदा ज्यांना कमी मार्क, ते प्लॉट न मोजताच कापायचे असं ठरलं होतं. मजुरी वाचते, वेळ वाचतो, आणि माझा वाण मरतो.

एआयच्या मार्कांची यादी घेऊन मी तणतणत शेतात गेलो. पहिला नंबर होता प्लॉट नऊचा. बघतो तर प्लॉट भुईसपाट! चार दिवसांपूर्वी त्यात म्हशी शिरल्या होत्या, आणि ड्रोनने फोटो काढले ते कालच. मधोमध एक बुजगावणं हात पसरून उताणं पडलं होतं.

पाखरं राखायचं काम आमच्या कुसुमताईंचं. त्यांना विचारलं, "हे इथे कशाला?"

"बांबू मोडला त्याचा, सायेब. इथं पीकच नाय, कुनाला अडचण नाय, म्हनून टाकलं."

"एरवी कुठे लावता?"

"जिथं दाना भरतो तिथं. पाखरं तिथंच पडतात ना! पोचट भाताकडं पाखरू ढुंकून बघत नाय."

"आणि सतरा नंबरला का नाही?"

"त्याला कुसळं हायत. पाखरांना टोचतात. तिथं बुजगावनं कशाला उगाच?"

मी यादी पुन्हा चाळली. वरचे सगळे प्लॉट बुजगावण्यांचे. एआय भात बघतच नव्हतं. बुजगावणं दिसलं की मार्क देत होतं.

कुसुमताईंना घेऊन मी ऑफिस गाठलं. श्रेया मॅडम आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग म्हणाल्या, "होऊ शकतं. मॉडेलला सोपी खूण सापडली की ते तीच धरून बसतं."

साहेबांना पटेना. "पुरावा काय?"

कुसुमताईंनी साहेबांच्या चौकडीच्या शर्टाकडे निरखून पाहिलं. "शर्ट तर बुजगावन्यासारखाच हाय."

पाच मिनिटांनी साहेब रिकाम्या पार्किंगमध्ये हात पसरून उभे होते. डोक्यावर ड्रोन घोंघावत होता. नेमका तेव्हाच चौक गावाहून शेतकऱ्यांचा टेंपो केंद्र बघायला आला. पहिलाच उतरलेला शेतकरी साहेबांकडे बघत मला म्हणाला, "हा कुठला वाण हाय?"

साहेब काहीतरी बोलायला वळले. "सर, हलू नका!" मॅडम ओरडल्या.

निकाल आला. पार्किंग पहिलं, भरघोस उत्पन्न. म्हशींनी तुडवलेला प्लॉट दुसरा.

साहेब शर्ट खाली ओढत म्हणाले, "सगळे प्लॉट मोजा. आणि हा फोटो डिलीट करा."

विळ्याने कापून, झोडपून, काट्यावर घालून सगळं मोजलं. सतरा नंबर तिसरा आला. पहिला येईल अशी आशा होती, त्यामुळे जरा लागलंच. पण पहिले चार पुढच्या चाचणीला जातात, म्हणून तो गेला. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना वडापाव दिला. साहेबांनी दोन खाल्ले.

आता ड्रोन उडवायच्या आधी बुजगावणी काढतात. मॉडेल नव्याने शिकवलंय आणि बरं चाललंय. माझा त्याच्यावर राग नाही. बिचारं तीन हंगाम कुसुमताईंचंच ऐकत होतं. आम्ही मात्र त्यांना पहिल्यांदाच विचारलं.