आश्रुबाचा निजामी ओटा

जुन्या पेठेतल्या एका बंद आडतीच्या ओट्यावर आश्रुबा वीसबावीस वर्षं फाटकी पोती शिवत बसला होता. हातात दाभण, पुढ्यात सुतळी आणि तोंडात अखंड बढाई. बाजार स्टेशनापलीकडच्या नव्या मोंढ्यात गेला, पेठ ओस पडली, तरी हा हलला नाही. मोंढ्यात बढाई ऐकायला सवड कुणाला होती?

मग एकोणनव्वद साली नगराध्यक्ष आबासाहेबांना पेठेचा पुळका आला. त्यांनी सुधार समिती काढली, औरंगाबादच्या एका मोठ्या साहेबांना पेठ पायी फिरून बघायला बोलावलं आणि भिंती रंगवायला घेतल्या. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या घोषणा एकाच चुन्याखाली गुण्यागोविंदाने गेल्या. समितीचे चिटणीस किशनराव आश्रुबाकडेही आले.

"ओटा मोकळा कर. साहेबांना पेठ जिवंत दिसली पाहिजे."

"मंग मी काय मेलोय व्हय?" आश्रुबा म्हणाला खरा, पण मनातून हादरला. पेठेत सावलीचा दुसरा ओटा नव्हता, आणि पन्नाशीला आल्यावर भर उन्हात दाभण ओढणं त्याला झेपणार नव्हतं.

साहेब आले. मागे समिती, हार, फोटोवाला. किशनराव आडवे यायच्या आत आश्रुबा ओट्यावर उठून उभा राहिला. आपल्याकडे कुठलीही जुनी चीज निजामापर्यंत पोचवल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. जेमतेम तीस वर्षांचा तो ओटा आश्रुबाने एका दमात तिथे नेला.

"साहेब, निजामाच्या राज्यातला वट्टा हाय ह्यो. सुभेदार घोड्यावरून उतरून हितं टेकायचा. आमचा आजा त्येला पंख्यानं वारा घालायचा. तवापासून आमीच राखण करायलोत."

साहेब हरखले. "हे जपलं पाहिजे," म्हणाले. आश्रुबा पेढे घेऊन घरी गेला.

आठ दिवसांत ओटा जपला गेला. चारी बाजूंनी लोखंडी साखळी आणि वर पाटी: ऐतिहासिक ओटा, बसण्यास सक्त मनाई. आश्रुबाची पोती समोरच्या उन्हात आली.

दुपारी त्याची बायको कडूबाई भाकरी घेऊन आली. नवरा उन्हात घामाने निथळत होता. पाटी बघायला आलेल्या किशनरावांसमोर ती तडक जाऊन उभी राहिली.

"भाऊ, कशाचा निजाम अन् कशाचं काय! आमचं लगीन झालं त्या साली आडत्यानं बांधला ह्यो वट्टा. दगडं ह्येनी वाहिले, चिखल म्या तुडवला. काढा ती साखळी."

किशनराव चपापले. "काय रे आश्रुबा, खरं का हे? तू हो म्हण, साखळी आत्ता काढतो."

भोवती माणसं जमली होती. आश्रुबाने सावलीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. हो म्हटलं तर सावली मिळणार होती. पण सुभेदार जाणार, आजा जाणार, आजाचा पंखाही जाणार. त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

"तिचं काय ऐकता, किशनराव," कपाळाचा घाम पुसत तो म्हणाला, "बाईमानसाला इतिहासातलं काय कळतंय?"

आणि तापलेल्या पोत्यावर बसून त्याने भाकरीचं फडकं सोडलं.