मान अवघडली तेव्हा

दांडीवरची चादर काढायला मी मान वर केली आणि मानेत एकदम कळ आली. मान हलेना. त्याच क्षणी मागे गॅलरीत खेळणारी माझी दीड वर्षांची नात गप्प झाली.

"चिऊ?" मी हाक मारली. उत्तर आलं नाही. आपला अर्धा संसार पाठीमागेच चालू असतो, हे तेव्हा कळलं. मी सगळं अंगच फिरवलं. ती कठड्याशी बसून चिमटा चघळत होती.

डॉक्टर म्हणाले, "स्नायू आखडलाय. गरम पाण्याने शेका. हाताला मुंग्या आल्या तर मात्र लगेच या."

मान तिसऱ्या दिवशी सुटली. पण अजूनही चिऊ खेळता खेळता गप्प झाली, की मी हातातलं टाकून वळते, आणि वळता आलं म्हणून क्षणभर तशीच उभी राहते.