काशीआक्कांनी भरलेली मोटर

जळालेली मोटर समोर आली की काशीआक्का आधी तिचा वास घेतात. पान्ह्याला हात नाही, टेस्टरला हात नाही. गळ्यातलं इष्टलिंग पदराआड सरकवायचं, खाली वाकायचं, डोळे मिटायचे आणि भाजी करपली का बघावं तसं नाक मोटरीजवळ न्यायचं. मग निकाल. "ही ओढून ओढून मेली. व्होल्टेज न्हवतं." नाहीतर, "हिच्यात पानी शिरलंय. हिरीत बुडाली व्हती का वो?" आणि समोरचा माणूस कबूल करतो की हो, बुडाली होती! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला चहा गार झाला माझा. म्हटलं, ही बाई डॉक्टर व्हायची, ती इथं मांजरसुंब्याच्या चौकात कशी येऊन बसली?

चौकात ढाब्यांच्या ओळीला लागून त्यांचं दुकान, शेतातल्या पंपांच्या मोटरी भरून देण्याचं. मोटर भरायची म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढायची आणि नवी तार आटे मोजून, गुंडाळून बसवायची. पाटीवर नाव त्यांच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, आणि सगळ्या मुलखाला वाटायचं की कारागीरही तेच. मालक मोटर खोलायचे, बसवायचे, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचे. तारेचे आटे मात्र चाळीस वर्षं आक्कांनी गुंडाळले, दुकानामागच्या घरात, चुलीपाशी बसून. मी एकदा विचारलं, "आक्का, कधी कुणाला सांगितलं नाही तुम्ही?" तर म्हणाल्या, "भाकर कुनी थापली ते जेवनारा इचारतो का?"

मालक गेले आणि गिऱ्हाईक तुटलं. "आता तिथं कोण भरणार?" म्हणत लोक मोटरी घेऊन सरळ बीडला जाऊ लागले. दुकानाची जागा दोघा भावांची. धाकटे भाऊ बसवंतआप्पा, म्हणजे आक्कांचे दीर, माणूस वाईट नाही, पण रिकामं शटर कुणाच्याही डोळ्यांत सलतंच. एक दिवस माझ्यासमोरच म्हणाले, "वहिनी, नुस्तं शटर उघडून बसता, कावून? मोबाईलवाला जागा मागायलाय. पाडव्यापर्यंत बघा. गिऱ्हाईक आलं तर मी शब्द काढनार न्हाई. न्हाई आलं, तर जागा त्याची."

आक्का म्हणाल्या, "बरं." एवढंच. पण तार गुंडाळायच्या त्या लाकडी फर्म्यावर धुळीचा कण नव्हता, तरी आप्पा गेल्यावर त्यांनी त्याला तीनदा फडकं मारलं, ते मी पाहिलं.

आता मी यात कुठून आले ते सांगते. मी नेकनूरची. मांजरसुंब्याला बस बदलताना आक्कांच्या दुकानात टेकायची, तशी आमची ओळख. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं मिळेल ते वाचून आणि भेटेल त्याला विचारून. मला वेड जुन्या घरगुती यंत्रांचं. माझ्या पुढच्या खोलीत कोळशाच्या इस्त्र्या आहेत, पितळी स्टोव्ह आहेत, पायाची शिलाई मशीन आहे, कपाटाएवढा रेडिओ आहे. अट एकच, वस्तू चालू पाहिजे. मेलेली वस्तू मी भिंतीला लावत नाही. मुलगा म्हणतो, "आई, एखांद्या दिवशी भंगारवाला मालाचा पत्ता तुलाच इचारंल." म्हणू दे!

तर पालीला एका जुन्या जमीनदारांच्या गोठ्यात मला ती दिसली. कपडे धुण्याची मशीन! गोल, पांढरी, तीन पायांवर उभी, वर कपडे पिळायचे दोन रूळ, आणि आत ताकाच्या रवीसारखा दांडा. तिथल्या मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी हैदराबादहून आणली होती म्हणे, बाई लग्न होऊन येण्याच्याही आधी. मी हात लावायला गेले तर आतून फूत्कार. आत खुडूक कोंबडी बसलेली.

मालकीणबाई म्हणाल्या, "न्या की खुशाल. पन पिल्लं निघाल्याबिगर हलवायची न्हाई."

मी मशीनसाठी कोंबडीचे दिवस मोजले. बारा पिल्लं निघाली आणि दुसऱ्याच दिवशी टेम्पोत घालून मी ती थेट मांजरसुंब्याला नेली. आक्कांनी वाकून वास घेतला. "ही जळाली न्हाई," म्हणाल्या, "हिला कोंबडीचा वास हाय." खोलली तर मोटरीच्या पोटात तारच नाही! कुण्या काळी कुणीतरी तांबं काढून नेलेलं. आता किती आटे होते, कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत गेले होते, कळायचं कसं?

मी विचारलं तशा हसल्या. "मढ्याला इचारता येतंय व्हय, तुझं वय काय व्हतं म्हनून? ऱ्हाऊ दे. मी भरते हिला."

काय सांगू तुम्हाला ते आठ दिवस! मी रोज पहिल्या बसनं जायची. टाकीचा गंज आम्ही चिंचेनं आणि राखेनं घासला. रुळांचं रबर तडकलेलं, त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी चढवली. पट्टा कडबाकुट्टीच्या यंत्राचा बसला, अगदी मापात! आणि आक्का फर्म्यावर तार गुंडाळत बसायच्या. तोंडानं माझ्याशी गप्पा चालू, सुनांच्या, सोयाबीनच्या, गुडघ्यांच्या, आणि मधेच थांबून म्हणायच्या, "एकशे दहा झाले. हां, मग पुढं काय म्हनली ती?" मी म्हटलं, आकडा चुकत कसा नाही? "आकडा पोटात ठिवायचा, बोलनं तोंडात. दोघांची गाठ पडू द्यायची न्हाई."

मोटर एकटीच फिरवून पाहिली. अशी सणसणली की आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या हातावर टाळ्या देत सुटलो. तो आवाज आक्कांच्या कानाला रोजचाच होता, आणि मला कुठला आवाज कुणाचा हे कळतच नव्हतं. तिथंच फसलो.

पाडव्याला पाच दिवस होते. मशीन दुकानासमोर आणून ठेवली. ढाब्यावरची माणसं जमली, बसची वाट बघणारे जमले. पांढऱ्या टोपीतले एक शेतकरी, रामकिसनतात्या, उसाचा रस पीत उभे होते, ते ग्लास घेऊनच पुढं आले. बसवंतआप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. "घ्या वहिनी, माझाच टाका. बघू तरी काय धुतीय."

पाणी, साबण, टॉवेल. आक्कांनी बटन दाबलं.

अहो, मशीन नाचायला लागली! आतला दांडा असा गरगरला की अर्धं पाणी उभं राहून बाहेर आलं. फेस गुडघाभर. टॉवेल आतून उडाला तो तात्यांच्या रसाच्या ग्लासवर. आणि मशीन तीन पायांवर थरथरत, थुडथुडत ढाब्याकडं चालायला लागली, ती वायर ताणून प्लग निसटला तेव्हा थांबली. माणसं पोट धरून हसत होती. आप्पा भिजलेले, ओरडले, "वहिनी, धुन्याच्या मशीनला पंप बसिवला का काय?"

मी पटकन मधे पडले. म्हटलं, "लाईट जास्त आली असेल एकदम. आमच्याकडं पण कधी कधी..."

"लाईटला कावून बोल लावतीस, सुमनबाई?" आक्का म्हणाल्या. त्या खाली फेसातच बसल्या होत्या, मोटरीवर तळहात ठेवून. आवाज एकदम शांत. "आप्पा बरोबर बोलले. पंपच भरला मी हिच्यात. पंपाला पळावं लागतं, हिला निम्म्यानंच फिराय पायजे. चाळीस वर्सं पंप भरले, हात आपसूक त्याच खाचांनी गेला. मोजलं बरोबर, पन इचार केला न्हाई." मग उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चूक माझी हाय. मशीनची न्हाई, लाईटची न्हाई. मी भरली, मीच चुकले."

हसू थांबलं. लोक पांगले. आप्पांनी टॉवेल पिळला आणि खांद्यावर टाकून निघाले. घरी जाताना बसमध्ये मी स्वतःलाच बोल लावत होते. चार माणसांत कबूल केलं, आता कोण येणार यांच्याकडं? झाकून नेलं असतं तर? माझ्या हौसेपायी बाईचं दुकान गेलं, हेच मनात.

दुसऱ्या दिवशी पोहोचले तर आक्का छिन्नी घेऊन आठ दिवसांचं काम तोडत बसलेल्या. सगळं तांबं बाहेर. मला म्हणाल्या, "रडायचं आसंल तर तिकडं जाऊन रड. हितं तारंवर पानी नको."

आणि तेवढ्यात मोटरसायकल थांबली. मागं पोत्यात बांधलेली पंपाची मोटर. रामकिसनतात्या!

"आक्का, माझी जळालीय."

आक्का बघतच राहिल्या. "काल बघितलं न्हवं तुमी? तुमच्या रसात टॉवेल पडला."

"पडला की." तात्यांनी मोटर खाली ठेवली. "तिघांकडनं भरून घेतली ही. दर बारीला जळती. एक म्हनतो लाईट खराब, एक म्हनतो पानी खराब, तिसऱ्यानं तर मलाच खराब ठरिवलं. 'माझी चूक हाय' आसं म्हननारं मानूस काल पयल्यांदा बघितलं. म्हनलं, चूक जिला दिसती तिलाच ती काढता यील."

आक्कांनी छिन्नी खाली ठेवली. "द्या मग. हिरीवर जनावरं असतील तुमची. तुमची आदी करते. ही मशीन काय, ऱ्हाईल उभी."

"न्हाई," तात्या म्हणाले. "आदी ती. तुमची चूक निस्तरलेली बघीन, मगच माझीला हात लावायचा. तवर जनावरं शेजाऱ्याच्या हौदावर पाजतो."

असा पक्का माणूस! आक्का इतक्या हसल्या, मालक गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. पुढचे तीन दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. सुना नाहीत, सोयाबीन नाही. आकडा पोटात आणि तोंड बंद. प्रत्येक खाचेवर बोट ठेवायच्या, थांबायच्या, मग तार घालायच्या. मी नुसती तारेला लावायच्या वार्निशचा डबा धरून बसायची.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मशीन पुन्हा बाहेर काढली. या वेळी माणसं लांब उभी राहिली, भिजायला नको म्हणून! आप्पाही आले, हातात मोजायचा टेप. मोबाईलवाल्याच्या काउंटरसाठी जागा मोजायला आले होते, लपवलं नाही त्यांनी. आत यावेळी माझं जुनेर लुगडं टाकलं. आक्कांनी बटन दाबलं.

आधी एक हुंकार. मग दांडा फिरला, थरथर नाही, गरगर नाही, फेस नाही उडाला, सावकाश, खळ्ळ खळ्ळ खळ्ळ, घरात लेकीनं ताक करावं तसं. मशीन जागची हलली नाही. जुनेर पाण्यात बुडत होतं, वर येत होतं. "चालली! चालली!" मी ओरडले, या वयात उडी मारली मी! जुनेर रुळांतून पिळून निघताना बघून शेजारचा उसाचा रसवाला म्हणाला, "आयला, ही तर माझ्याच धंद्यातली हाय." लोक जवळ आले, आणखी जवळ आले, एकमेकांच्या खांद्यावरून बघायला लागले.

मी वळून आक्कांना शोधलं. त्या मशीनकडं बघतच नव्हत्या. दाराशी गोणपाटावर बसून त्यांनी तात्यांची मोटर पुढ्यात ओढली होती आणि पान्हा लावून पहिला नट सोडवत होत्या. "हां तात्या, आता बोला. पयल्यांदा जळाली तवा आवाज कसा करायची?" तात्या समोर उकिडवे बसून सांगायला लागले. गर्दीनं दार पार झाकून टाकलं होतं.

बसवंतआप्पांनी हातातला टेप गुंडाळला, खिशात घातला, आणि दोन्ही हातांनी माणसं बाजूला करायला लागले.

"सरका रे, सरका. वहिनीला उजेड येऊ द्या."