बायकांच्या खेळाचा बोर्ड

कुठलंही पोस्टर समोर आलं की पेंटर आधी पंजा पुढे करून त्यावरचं नाव झाकायचे. मग एक डोळा मिटून आपल्याला विचारायचे, "आता सांगा, काय हाय?" नाव झाकूनही जे कळतं ते पोस्टर, आणि नाव वाचल्यावर कळतं ती पाटी, असा त्यांचा साधा हिशेब होता. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी गप्पा मारायला गेलं की आपण शाळेत उभे आहोत असं वाटतं.

मी तेव्हा पाथर्डीकडच्या एका बाजाराच्या गावात, थिएटरात नोकरीला होतो. खिडकीत बसून तिकिटं द्यायची आणि खेळाच्या वेळी दारात उभं राहून ती फाडायची. पेंटर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. नगरहून पिक्चरच्या रिळांच्या पेटीबरोबर छापील पोस्टरं यायची, त्यांवरून ते थिएटरच्या कपाळावरचा मोठा बोर्ड रंगवायचे. त्यांना नावाने कोणी हाक मारलेली मला आठवत नाही. शेठ, म्हणजे थिएटरचे मालक, तेही त्यांना पेंटरच म्हणायचे.

आमच्याकडे येणारी निम्मी माणसं ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन कारखान्याकडे, ती चैत्राच्या सुमाराला परत. त्यांतल्या पुष्कळ बायांना अक्षर लागत नव्हतं. त्या बोर्डासमोर उभ्या राहायच्या, आपसात कुजबुजायच्या आणि मग आत यायचं की नाही ते ठरवायच्या. पेंटर बोर्ड काढायचे ते या बायांसाठी. बाकीच्यांनी नाव वाचून यावं, त्याची त्यांना फिकीर नव्हती.

मारामारीचा पिक्चर असेल तर खाली काळं, मागे लाल, हिरोचं तोंड तिरपं आणि ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची एक रेघ. भुताचा असेल तर उजेड हनुवटीखालून, तोही हिरवा. प्रेमाचा असेल तर गालाला गाल आणि मागे निळं आभाळ. हसवणारा असेल तर डोकं भलं मोठं आणि पाय एवढे एवढेसे. देवाचा असेल तर सगळीकडे पिवळं आणि नजर सरळ. एकदा छापील पोस्टरवरचा देव जरा बाजूला बघत होता. पेंटरांनी बोर्डावर त्याची मान सरळ केली. शेठ म्हणाले, "अहो, छापलंय तसं काढा की."

"तिरपं बघतो त्यो व्हिलन, शेठ," पेंटर म्हणाले. "छापनारा बसला मुंबईला. हितं बाया हात जोडून मग आत जात्यात."

बोर्ड तसाच वर चढला.

आणि बायकांचा पिक्चर असेल तर मधोमध आईचा मोठा चेहरा. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, खाली लेकरं, एका बाजूला घराचं उघडं दार. आईच्या गालावर एक थेंब. मी एकदा म्हणालो, "पेंटर, एवढा रडका पिक्चर आहे, दोन-चार थेंब तरी काढा."

"दोन काढलं की ती रडती," पेंटर म्हणाले. "एक काढलं की बघनारी रडती."

बोर्ड वर चढायच्या आधी त्याची परीक्षा व्हायची. परीक्षा घेणारी त्यांची बायको. ती बाजारच्या दिवशी वस्तीवरून यायची आणि डोक्यावरची भाजीची पाटी विकून झाली की थिएटरमागच्या पडवीत डोकवायची. तिला वाचता येत नसल्यामुळे पेंटरांना नाव झाकायचीही गरज नसे. ती दहा पावलं लांब उभी राहायची, पदराचं टोक दातांत धरायची आणि बोर्डाकडे बघत सांगायची, "लेकरू हरवतंय. पर घावतंय शेवटाला." पेंटर मान डोलवायचे. एकदा तिने विचारलं, "ह्यो कोन? तमाशातला व्हय?" तो इन्स्पेक्टर होता. पेंटरांनी मुकाट्याने त्याच्या मिशा उतरवल्या.

जाताना ती हसून म्हणायची, "म्होरल्या बाजारी काय काढताय?" तेवढ्या एका प्रश्नासाठी पेंटर आठवडाभर रंग कालवत असावेत, असं मला तेव्हाच वाटायचं. घरी ते दोघं काय बोलत असतील देव जाणे, पण त्यांचा संसार मी पाहिला तो त्या पडवीत. तो चांगला होता.

मग घरोघरी केबल आली आणि थिएटर ओस पडायला लागलं. शेठची भिस्त आता तोडीहून परतलेल्या बायांवर. जत्रांच्या दिवसांत त्यांच्यासाठी दुपारी खास खेळ लागायचा. त्या वर्षी एक आईचा पिक्चर ठरला होता, पण त्याची पेटी आलीच नाही. आली ती दुसरीच. शेठनी आणि मी ती आदल्या आठवड्यात लावून बघितली. पहिल्या दहा मिनिटांत आई मरते. नंतर दीड तास तिच्या मुलीचे जे हाल दाखवले होते ते मी इथे लिहीत नाही. ते बायांनी बघण्यासारखे नव्हते. खरं तर कोणीच बघण्यासारखे नव्हते.

शेठ म्हणाले, "आई आहे ना यात? मग पेंटरला आई काढायला सांग. खोटं कुठं आहे?"

हा निरोप मी नेला. पेंटर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आई हाय, पर ती पयल्याच रिळात मरती म्हनता न्हवं?"

"शेठ म्हणतात काढा."

"आन् बाया आत येऊन काय बघनार?"

"पेंटर, थिएटर बंद पडलं तर तुम्ही आणि मी, दोघंही घरी बसू," मी म्हणालो. हे शेठनी सांगितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

पेंटरांनी बोर्ड काढला. त्यांनी आयुष्यात काढलेला सगळ्यांत चांगला बोर्ड तो. आईचा चेहरा असा, की मला माझी आई आठवली. निदान तो वाईट तरी निघायला हवा होता.

बाजारच्या दिवशी बायको आली. नेहमीच्या जागेवर उभी राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "मायलेकीचा हाय. माय लई सोसती, पर लेकीचं चांगलं हुतं. ह्यो समद्यास्नी दाखवाया पायजे. मी घिऊन येते वस्तीवरच्या बायास्नी."

पेंटर चिंधीने ब्रश पुसत राहिले. ब्रश केव्हाच कोरडा झाला होता. मीही तिथेच उभा होतो. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं, तरी पुढचं काही झालं नसतं.

ती घरोघर फिरली. ज्या सासवा सुनांना कधी थिएटरची पायरी चढू देत नव्हत्या, त्यांना तिने शब्द दिला, "माज्या मालकानं काढलाय, चांगला हाय." टेम्पो भरून बाया आल्या. नव्या लुगड्यांतल्या लेकी-सुना, दोन म्हाताऱ्यासुद्धा. पिक्चर सुरू झाला. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या. पदर तोंडावर ओढलेले, एकमेकींकडे न बघता. समोरच्या पानाच्या टपरीवर रिकामटेकडी पोरं होतीच. त्यांना आत काय चाललंय ते ठाऊक होतं. एकाने ओरडून विचारलं, "झाला का बघून मायलेकीचा?" सगळे हसले. दारातून बाकीच्यांना पुढे घालून सगळ्यांत शेवटी पेंटरांची बायको बाहेर आली. बोर्डाखाली थांबली, वर एकदा बघितलं आणि टेम्पोत चढली.

बातमी त्यांच्याआधी वस्तीवर पोचली होती. दोघींना घरी मार बसला. एकीच्या सासऱ्याने चारचौघांत तिला नको ते विचारलं. आणि बायांनी सगळा राग काढला तो पेंटरांच्या बायकोवर. "तुज्या नवऱ्यानं काढला आन् तुला ठावं न्हवतं व्हय?" तिला हळदीला बोलावणं बंद झालं. पाणी भरायला ती गेली की बाकीच्या हंडे उचलून बाजूला व्हायच्या. पुढच्या हंगामात ती भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली, तर टोळीतल्या बाया तिच्या पाचटाच्या खोपीशेजारी आपली खोप घालेनात. हे सगळं मला इतरांकडून कळलं. पेंटर काहीच सांगत नव्हते.

ती पुन्हा पडवीत आली नाही. बाजारच्या दिवशी ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जाताना दिसायची. पेंटर ब्रश हातात घेऊन तिकडे बघत राहायचे. घरी ती भाकरी वाढायची, कामाचं बोलायची, आजारपणात करायची. फक्त "काय काढताय" हे तिने पुन्हा विचारलं नाही. पेंटरांचे बोर्ड बिघडले. भुताला पिवळा उजेड, देवाला काळी छाया. सांगणारं कोणी उरलं नव्हतं. बायाही पुन्हा आल्या नाहीत. दीड-दोन वर्षांत थिएटर बंद पडलं. ज्यासाठी एवढं केलं, तेही वाचलं नाही. आता तिथे खताचं गोदाम आहे.

मी फ्लेक्सचं दुकान काढलं. पेंटर रोज येऊन माझ्या बाकड्यावर बसायला लागले. मला "मालक" म्हणायचे, अर्थात चेष्टेने. कॉम्प्युटरवर बोर्ड तयार होताना बघायचे आणि पडद्यावर पंजा ठेवून विचारायचे, "वाढदिवस हाय का मयत?" खरोखरच कळत नसे. दोन्हीकडे तोच गॉगल, तीच सोन्याची साखळी, तेच ढग. मोबाईलवर कुणी नवीन पिक्चरचं पोस्टर दाखवलं तर म्हणायचे, "समदे पाठ फिरवून हुबे. समदं काळं-निळं. रडायचं का पळायचं, कसं कळावं मानसानं?" गिऱ्हाइकं हसायची, चहा पाजायची.

एका दुपारी वीज गेली होती, दुकानात आम्ही दोघंच होतो. पेंटर एकदम म्हणाले, "तिनं बराबर वाचलं हुतं, मालक. चूक तिची न्हवती. म्या जे लिवलं तेच तिनं वाचलं."

"मग हे तिला सांगा ना."

"सांगायचंच हाय. येत्या बाजारी सांगतो."

त्यानंतर मी किती वेळा विचारलं असेल! दर वेळी उत्तर तेच, "येत्या बाजारी." कधी तिला ताप असायचा, कधी पाव्हणे असायचे, कधी ती चांगल्या तऱ्हेत असायची आणि मग तो दिवस नासवावासा वाटायचा नाही. असं करत करत माणूस म्हातारा झाला. हात कापायला लागला. नंतर दुकानातही दोन-दोन आठवडे दिसेना.

गेल्या थंडीत ते गेले. मला चार दिवसांनी कळलं. दहाव्याला मी प्रवासी जीपने त्यांच्या वस्तीवर गेलो. बाकीची माणसं जेवून पांगल्यावर मी त्यांच्या बायकोजवळ जाऊन बसलो. ती उंबऱ्यावर बसली होती. खूप वाळली होती. मला वाटलं, पेंटरांचं राहिलेलं काम निदान आपण करावं.

"वहिनी, एक सांगायचं होतं. पेंटर मला पुष्कळदा म्हणायचे, की त्या बोर्डाच्या वेळी चूक तुमची नव्हती. तुम्ही बरोबर वाचलं होतं. त्यांना ते तुम्हाला सांगायचं होतं."

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "तुमास्नी सांगितलं व्हय?"

"हो."

"रोज संगं जेवत हुतो आमी," ती म्हणाली. "रोज."

मी म्हणालो, "फार मनाला लावून घेतलं होतं त्यांनी."

"त्यांचं ऱ्हाऊ द्या भाऊ. त्ये गेलं." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "आमी बाहीर येत हुतो तवा दाराला कडी हुती. म्या आतून दार वाजवत हुते. लई येळ वाजवलं. माज्यामागं समद्या बाया, आन् पडद्यावर त्ये चाललेलं. कडी तुमी लावल्ती ना?"

हे मी वर लिहिलं नाही. बाया अर्ध्या तासाने बाहेर आल्या, एवढंच लिहिलं. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून खेळ सुरू झाला की बाहेरून कडी घालायची आमच्याकडे पद्धत होती. दार वाजलेलं मला पहिल्या थापेलाच ऐकू आलं होतं. इतक्या लवकर सगळ्या उठून गेल्या तर शेठ काय म्हणतील, याचा विचार करत मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. वीस वर्षं मी पेंटरांना "सांगा ना, सांगा ना" म्हणत होतो, आणि हे मात्र त्यांनाही कधी सांगितलं नाही.

ती उत्तराची वाट बघत होती. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

"जावा आता," ती शेवटी म्हणाली. "जीप जाईल."

मी उठलो आणि गेलो.