साडूंची लाओ भाषा आणि माझे रविवार

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात तपासल्याशिवाय कुठलीही गोष्ट घरात, ताटात किंवा डोक्यात घेतलेली नाही. अपवाद फक्त दोन. एक त्यांची बायको आणि दुसरा मी. बायकोच्या बाबतीत त्यांचं काही चुकलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे यजमान. मूळचे चिखलीचे, अजूनही राहायला तिथेच. चाकणच्या एका कंपनीत बाहेरून येणारा माल तपासायच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माल पास झाला की हिरवं लेबल, निकाल अडला की पिवळं आणि फेकायचा असला की लाल. रिटायर होताना या लेबलांच्या उरलेल्या गुंडाळ्या ते घरी घेऊन आले आणि तेव्हापासून ताईच्या संसाराला शांतता नाही. फ्रिज उघडावा तर कलिंगडावर पिवळं लेबल. माझ्या लेकीच्या बारशाला त्यांनी खिशातून जाडी मोजायचं व्हर्निअर काढून मोतीचुराचे लाडू मोजले होते आणि तीन लाडू ‘अंडरसाइज’ म्हणून हलवायाच्या हातात परत ठेवले होते. हलवाई माझ्याकडे बघत राहिला. मी छताकडे.

दुसरी खोड ‘का’ची. कंपनीत म्हणे चूक सापडली की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं. एकदा उपमा खारट झाला. का? मीठ दोनदा पडलं. का? पहिलं टाकल्याचं लक्षात राहिलं नाही. का? लक्ष दुसरीकडे होतं. का? कुणीतरी सारखं बोलत होतं. पाचव्या ‘का’ला ताई उलथनं आपटून म्हणाली, “कारण तुम्ही मघापासून माझ्या डोक्याशी उभे राहून का-का करताय!” साडूंनी ते शांतपणे वहीत लिहून घेतलं आणि ‘उपाय’ या रकान्यात लिहिलं : ‘स्वयंपाक चालू असताना हॉलमध्ये बसणे.’ आणि खरंच बसायला लागले. माणूस असा, की स्वतःची चूक निघाली तरी मूळ सापडल्याचा आनंद त्याला जास्त.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलाने लाओसमध्ये लग्न ठरवलं. पुलाच्या कामावर इंजिनिअर म्हणून गेला होता, तिथेच रमला. वर तिकडची रीत अशी, की जावयाने सासुरवाडीला राहायचं. ‘घरजावई’ हा शब्द आमच्या नातेवाइकांनी चघळून चघळून चोथा केला. साडूंनी नवी वही काढली आणि वरती लिहिलं : ‘लाओ भाषा. ॲप व कोर्स तपासणी.’

दीड महिना त्यांनी अकरा ॲप तपासली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या ॲपमध्ये लाओ नव्हतीच. “कुणी बोलत न्हाई असली बनवलेली भाषा हाय त्यात, अन् जिता-जागता देश न्हाई!” लाल. दुसऱ्यात सगळी वाक्यं पर्यटकांची. “विहीणबाईंना पहिलं वाक्य काय म्हणू? थंड बिअर हाय का?” लाल. तिसऱ्यात बोलणारं माणूस नव्हतं, यंत्र होतं. बेअरिंगला कान लावावा तसा फोन कानाला लावून त्यांनी तो आवाज अर्धा तास ऐकला आणि म्हणाले, “ह्याला घसा न्हाई.” लाल. लेबल ते खरोखर चिकटवायचे, वहीत, प्रत्येक नावापुढे. असं करता करता उरला एकच ऑनलाइन कोर्स. लाओसमधल्या एक बाई दर रविवारी सकाळी तासभर व्हिडिओवर समोरासमोर शिकवत. पण समजावून सांगत इंग्रजीत, आणि साडूंचं इंग्रजी कंपनीच्या गेटच्या आतलं. म्हणून त्याला पिवळं लेबल लावून ते माझ्याकडे आले.

“तू रविवारचा येऊन बस माझ्यासंगं,” ते म्हणाले. “ती बाई बोलंल ते मला मराठीत सांग. थोडे महिने. मला काय पोपट व्हायचं न्हाई. एकच वाक्य बोलायचंय विहीणबाईंशी.”

“मग ते मुलाला सांगा ना साडूभाऊ, तो बोलेल.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “त्याच्याबद्दलच हाय ते. पोरगं लाजाळू हाय. ताटातलं संपलं तरी दुसऱ्यांदा मागत न्हाई, तसंच उठतं. त्याच्या आईला म्हाईत हाय, ती न विचारता वाढती. तिथं कोण वाढणार? विहीणबाईंना एवढंच सांगायचंय, की त्याला विचारू नका, वाढत जा. आता हे त्याच्याच तोंडून कसं सांगू? तुला म्हणून बोललो. हिलाबी सांगितलं न्हाई.”

इथून पुढचं लिहायची मला लाज वाटते, पण लिहितो. मी हिंजवडीला आयटीत आहे. माझं काम म्हणजे या टीमची एक्सेल शीट त्या टीमकडे पाठवणं. पण आमच्या घराण्यात लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावणारा पहिला मी, त्यामुळे चार्जर बिघडण्यापासून चंद्रावर यान पोचण्यापर्यंत माझा शब्द शेवटचा. पाच दिवस कॅबमध्ये बसून ट्रॅफिक बघणाऱ्या माणसाला रविवारची सकाळ किती प्यारी असते, ते मी सांगायला नको. ती मला द्यायची नव्हती. बस, एवढंच कारण. दुसरं कुठलंही नाही. मी फोनवर दोन मिनिटं बोट फिरवलं आणि तोंडाला येईल ते ठोकून दिलं : “अहो, लाओ आणि थाई एकच की! हे थाईचं ॲप घ्या, एक नंबर आहे. नाव तेवढं वेगळं. पार्ट नंबर दोन, पार्ट तोच!”

पार्ट नंबरचं ते वाक्य मला सुचलं, तेव्हा मी स्वतःवर खूशही झालो होतो.

त्यांच्या कंपनीत काही जुन्या, भरवशाच्या सप्लायरांचा माल न तपासता थेट लाइनवर जाई. त्याला ते ‘डायरेक्ट’ म्हणत. अकरा ॲप घासून पाहणाऱ्या या माणसाने माझं ॲप उघडूनसुद्धा बघितलं नाही. पिवळं लेबल खरवडून काढलं, त्या बाईंच्या कोर्सला लाल लावलं आणि माझ्या ॲपला हिरवं. “तू सांगितलंस म्हणजे डायरेक्ट,” म्हणाले.

पुढे पाच महिने चिखलीत थाई भाषेचा धुमाकूळ. ॲपमध्ये पुरुषाने आदराने बोलताना शेवटी ‘ख्रप’ म्हणायचं शिकवलं होतं, तर साडू मराठीतही ख्रप म्हणू लागले. “चहा टाक ख्रप.” “मेथी कशी दिली ख्रप?” भाजीवाली त्यांचा घसा बसलाय समजून आलं फुकट द्यायला लागली. भेटेल त्याला माझं कौतुक सांगत. मी हसत होतो. थाई आणि लाओ एक नाहीत, हे मला मध्येच एका जेवणाच्या सुट्टीत सहज वाचायला मिळालं होतं. सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर रविवार गेले असते. मी फोन उलटा ठेवून डबा संपवला.

तिकडे लग्न नोंदवून मुलगा, सून आणि विहीणबाई आठ दिवसांसाठी आले. पहिल्या दिवशी पंचवीस माणसं पंगतीला. विहीणबाई बारीक चणीच्या, रेशमी वस्त्र गुंडाळलेल्या, सगळ्यांकडे बघून हसत होत्या. साडू इस्त्रीचा सदरा घालून समोर गेले, हात जोडले आणि थाईत स्वागताची चार वाक्यं घडाघडा बोलले. न अडखळता! विहीणबाई चमकल्या. मग त्यांनीही हात जोडून, जपून जपून, परक्या माणसाशी बोलावं तसं काहीतरी उत्तर दिलं. सून तोंडावर हात धरून हसली आणि मुलगा म्हणाला, “बाबा, हे थाई आहे! सासूबाईंना टीव्हीमुळे कळतं, पण त्यांची भाषा ही नाही. कुणी शिकवलं तुम्हाला?”

सगळी पंगत हसली. साडूंनी एकदा, फक्त एकदाच, माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लेबल पुन्हा वाचावं तसं.

“व्हय का?” ते म्हणाले. “चूक माझीच. पेटी मी उघडून बघितली न्हाई.”

“पुढे काय म्हणायचं होतं? मी सांगतो त्यांना,” मुलगा म्हणाला.

“काही न्हाई रे. पोटभर जेवा म्हणत होतो.”

मी तिथे होतो. ‘मी शिकवलं’ असे दोन शब्द मला बोलता आले नाहीत. मी श्रीखंडाची वाटी पुढे ओढली. त्या आठ दिवसांत साडूंच्या तोंडून ख्रप पुन्हा ऐकू आलं नाही, आणि ते वाक्यही विहीणबाईंपर्यंत पोचलं नाही.

पाहुणे परत गेल्यावर एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. ते अंघोळीला गेले होते, टीपॉयवर वही उघडी होती. विहिणीशी परक्या भाषेत बोललो. का? दुसरीच भाषा शिकलो. का? बाईंचा कोर्स सोडून ॲप घेतलं. का? ॲप तपासलं नाही. का? डायरेक्ट होतं. पाचवा का : डायरेक्ट का? पुढे लिहिलं होतं, ‘घरचा माणूस.’ माझं नाव कुठेच नव्हतं. नाव असतं तर निदान भांडता आलं असतं. ‘उपाय’चा रकाना कोरा होता.

ते टॉवेलने डोकं पुसत आले तेव्हा मी उभाच होतो. “साडूभाऊ, मला माहीत होतं,” मी म्हणालो. “मधेच कळलं होतं. रविवार जाईल म्हणून बोललो नाही.”

त्यांनी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि वही मिटली. “चहा घेतोस?” एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारपासून मी त्यांच्या शेजारी बसतो. कोर्सवरचं लाल लेबल त्यांनी स्वतः खरवडलं. सातव्या रविवारी ते वाक्य बसलं. बाईंनी तीनदा म्हणवून घेतलं आणि त्याचं रेकॉर्डिंग विहीणबाईंना गेलं. दुसऱ्या दिवशी उत्तरात नुसता फोटो आला : मुलगा ताटावर वाकलेला आणि कडेने एक बारीक हात चिकट भाताचा मोठा गोळा वाढतोय. साडूंनी तो फोटो बोटांनी मोठा करून कोपरान् कोपरा तपासला. मग हिरव्या लेबलाची गुंडाळी काढली आणि फोनच्या पाठीवर एक चिकटवलं.

आता वर्गात मी बाईंचं एखादं वाक्य मराठीत सांगितलं, की ते माझ्याकडे वळून विचारतात, “नक्की ना?” इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मी बाईंना पुन्हा विचारून घेतो आणि सांगतो. मग ते वहीत लिहितात. परवा निघताना म्हणालो, “येतो साडूभाऊ, रविवारी भेटू.” त्यांनी प्रेमाने पाठीवर हात ठेवला, दारापर्यंत आले आणि म्हणाले, “नक्की ना?”