लाल दोऱ्याचं बोंड

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी मी इंझोरीजवळ एका बियाण्याच्या शेतावर नोकरीला होतो. गावरान कपाशीचा काटकपणा आणि परक्या कपाशीचा लांब धागा एका झाडात आणायचा, एवढंच काम. उद्या उमलणारी कळी आज सोलायची, आतले पुंकेसर नखाने काढून टाकायचे, वर कागदाची नळी चढवायची. सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाची पिवळी पूड आतल्या दांडीला लावायची आणि देठाला खुणेचा लाल दोरा बांधायचा.

माझा हात जड. दांडीच मोडायची. निंदणीला येणाऱ्या एका मावशीने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "सरका भाऊ. कळी सोलून राह्यले का भांडे घासून राह्यले?" तिचं नख अचूक चालायचं. तरी फुलं गळतच गेली. शेवटी तिच्या हातचं एकच बोंड टिकलं. ते मी दिवसातून तीनदा पाहून यायचो आणि सगळ्यांना 'माझं बोंड' म्हणून सांगायचो.

वेचणीच्या पहिल्या दिवशी मला मंगरूळपीरला जावं लागलं. परतलो तर त्याच झाडाखाली पाच खडे, हळदकुंकू, दहीभात. वेचणीआधी बायका करतात ती सीतादहीची पूजा झाली होती. बोंड रिकामं होतं. पूजेचा कापूस मावशी घरी घेऊन गेली, असं कळलं.

मी तसाच तिच्या घरी गेलो. ती अंगणात वात वळत बसली होती. सुनांसमोर मी तिला वाट्टेल ते बोललो. वर्षाची मेहनत गेली, बियाण्याची सरकी आता बैलाच्या पोटात असेल, असंही म्हणालो.

"दोरा पाह्यला," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमी देवासाठी राखलं."

दोरा कशासाठी, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. मजुरणीला काय सांगायचं, असं मला वाटे.

तिने पदराची गाठ सोडली. आत चिंधीत सरकी होती, त्याच लाल दोऱ्याने बांधलेली. "पूजेची सरकी ढोराले नाही घालत, भाऊ. पुढच्या साली पेरा लागते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सुनांसमोरच तिची माफी मागितली.

"बसा," ती म्हणाली. "दहीभात उरला हाये."